गाऱ्हाण्यांच्या गांवीं

प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा हा पहिलाच प्रसंग. काशी, रामेश्वर आणि एकदां गिरनार, यांपलीकडे आमचे पाय कधीं गेले नव्हते. आणि त्या क्षेत्रांविषयीं इतक्या लेखण्या झिजल्या आहेत कीं, आम्हीं आणखी एक झिजवावी असें कधीं वाटलें नाहीं. परंतु इ. स. २०२३ च्या मे महिन्यांत आम्हांस जर्मनींतील हँबुर्ग शहरीं जाण्याचा योग आला, आणि तेथें आम्हीं जें एक स्थळ पाहिलें तें प्रवाशांच्या कोणत्याहि मार्गदर्शक पुस्तकांत सांपडणार नाहीं. आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलेंबाळें परदेशीं असतात. आईबाप तिकडे जातात, राजवाडे, पूल आणि पदार्थसंग्रहालयें पाहून परत येतात. त्यांनीं हेंहि एकदां पहावें, एवढ्याचसाठीं हा उपद्व्याप.

आमची धाकटी कन्या गेलीं सात वर्षें नोकरीनिमित्त हँबुर्ग येथें राहते. जांवईहि तेथेंच बंदरावरील एका कचेरींत आहेत. उभयतांच्या आग्रहावरून आम्ही दोघें वांईहून निघालों. विमानाच्या प्रवासांत सांगण्यासारखें कांहीं नाहीं. सौभाग्यवतींनीं बांधून घेतलेल्या दशम्या मुंबईच्या विमानतळावरच संपल्या, आणि पुढें गुडघे आंखडून बसण्याची शिक्षा तेवढी उरली.

हँबुर्ग हें एल्ब नदीच्या कांठचें बंदर. समुद्र येथून शंभर किलोमीटरांवर. तरी वाड्यांएवढालीं जहाजें नदींतून वर थेट शहराच्या दारापर्यंत येतात. पहिल्याच सायंकाळीं आमची फजिती झाली. स्नान करून संध्येस बसावें म्हणून सूर्यास्ताची वाट पाहूं लागलों, तों आठ वाजले, नऊ वाजले, तरी सूर्यनारायण आपले समोरच्या कौलांवर ऊन टाकून स्वस्थ उभे! साडेनऊच्या सुमारास ते मावळावयास लागले तेव्हां आमच्या पोटांत कावळे ओरडत होते. सौभाग्यवती म्हणाल्या, "उद्यांपासून घड्याळ पाहून संध्या करा आणि जेवून घ्या. सूर्याला तुमच्या जेवणाची काय काळजी?" शास्त्राधार शोधीत न बसतां आम्हीं तो निर्णय मान्य केला.

पुढील दोन-तीन दिवस जांवयांनीं शहर दाखविलें. नदीच्या खालून जाणारा, १९११ सालीं उघडलेला बोगदा पाहिला. लिफ्टनें चोवीस मीटर खालीं उतरावयाचें आणि सवाचारशें मीटर चालत पैलतीरीं निघावयाचें. डोक्यावर नदी आणि नदीवर जहाजें. सौभाग्यवती संपूर्ण वाटभर रामरक्षा म्हणत होत्या. मग तांबड्या विटांची वखारींची नगरी पाहिली. लांकडाच्या खांबांवर, कालव्यांच्या कांठीं उभ्या असलेल्या या वखारींत पूर्वीं कॉफी, मसाले आणि गालिचे सांठवीत. २०१५ पासून ती जागतिक वारसास्थळ म्हणून गणली जाते. जांवयांनीं सांगितलें कीं, पूर्वीं येथें शेंकडों स्त्रिया लांब मेजांशीं ओळीनें बसून कॉफीचे दाणे हातांनीं निवडीत. किडका दाणा एकीकडे, फुटका एकीकडे, चांगला तो पुढें. "म्हणजे आपलें सुपांतलें निवडणटिपणच कीं!" सौभाग्यवती म्हणाल्या, आणि त्या शहरांत त्यांना प्रथमच कांहीं ओळखीचें भेटलें.

हें निवडणटिपण आम्हीं मुद्दाम लिहिलें, कारण त्याच रात्रीं कन्या म्हणाली, "अप्पा, उद्यांपासून मी आल्टोनाला निवडायला बसणार आहें. चार दिवस सुट्टी घेतली आहे. तुम्ही येतां का? घरीं बसून कंटाळाल." आम्हांस वाटलें, धान्य असेल. तिला हंसूं आवरेना. फ्रेंच भाषेंत निवडण्याला 'त्रिआज' म्हणतात. पुढें रणांगणावर जखमींपैकीं आधीं कोणास हात लावावा हें ठरविण्याला तोच शब्द लागला, आणि आतां संगणकाच्या सॉफ्टवेअरमधील चुकांच्या तक्रारी पाहण्यालाहि तोच वापरतात.

आल्टोना हा आज हँबुर्गचा एक भाग आहे. परंतु १८६४ पर्यंत तें गांव डेन्मार्कच्या राजाच्या सत्तेखालीं होतें, आणि त्याचा तोरा अजून थोडा निराळा आहे. उंच टेंकाडावरून खालीं नदी आणि बंदराचे क्रेन दिसतात. तेथील एका जुन्या लष्करी बरॅकींत हा मेळावा भरला होता. जाड भिंती, लांब ओसऱ्या, उंच खिडक्या. आंत मात्र शिपाई नव्हते. सुमारें चाळीस-पन्नास माणसें मेजांशीं बसलेलीं. कोणी पंचविशीचा, कोणी आमच्या वयाचा, कोणाचे केंस खांद्यापर्यंत. एका बाईंच्या मांडीवर तान्हें मूल. शांतता इतकी कीं, परीक्षेच्या दिवशींहि आमच्या वर्गांत आम्हीं ती कधीं अनुभवली नाहीं. केवळ बोटांची टकटक. कन्येनें आमची ओळख करून दिली तेव्हां तिघांनीं मान हलविली, एकानें कॉफी आणून दिली, आणि सर्व पुन्हां आपापल्या पडद्यांत बुडून गेले.

हीं माणसें डेबियन नांवाच्या मंडळाचीं. इ. स. १९९३ च्या ऑगस्टांत इयान मर्डॉक नांवाच्या एका अमेरिकन विद्यार्थ्यानें तें सुरू केलें. आपल्या मैत्रिणीचें डेब्रा हें नांव आणि आपलें नांव जोडून त्यानें या नव्या बाळाचें बारसें केलें. संगणक चालविण्यास लागणारें सारें साहित्य एकत्र करून, पारखून, जगास विनामूल्य द्यावयाचें, हें या मंडळाचें काम. तें साहित्य कोणीहि घ्यावें, उघडून पहावें, बदलावें, बदललेलें दुसऱ्यास द्यावें, आडकाठी नाहीं. त्या वर्षींच्या आवृत्तींत अशीं ६४,४१९ गांठोडीं होतीं. प्रत्येक गांठोड्यास एक पालक असतो, किंवा पालकांची एक तुकडी असते. मंडळ त्यांस वेतन देत नाहीं. कांहींना त्यांचे धनी कामाच्या वेळांतून थोडी सवड देतात. बाकीचे रात्रीं, रविवारीं, मुलें निजल्यावर हें करतात. घरचें खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणें ही म्हण आम्हीं जन्मभर मुलांस शिकविली. पण प्रत्यक्ष लष्करी बरॅकींत बसून त्या भाजणारे लोक पाहण्याचा योग साठी उलटल्यावर आला.

आतां या गांवच्या मुख्य दैवताकडे वळूं. सॉफ्टवेअरमध्यें कोठें चूक आढळली तर ती कळविण्यास इंग्रजींत 'बग रिपोर्ट' म्हणतात. आम्हीं त्याला गाऱ्हाणें म्हटलें, आणि कन्येस तो शब्द इतका आवडला कीं, तिनें तो शेजारच्या मंडळींसहि शिकविला. 'ऱ्हा'चा उच्चार मात्र एकासहि साधला नाहीं. कोंकणांत ग्रामदेवतेपुढें गाऱ्हाणें घालतात तेव्हां गुरव मोठ्यानें सर्व गांवादेखत तें बोलतो. येथेंहि तसेंच आहे. १९९४ पासून या मंडळाची गाऱ्हाण्यांची चोपडी चालूं आहे. ती इयान जॅक्सन नांवाच्या दुसऱ्या एका इयाननें बांधली. कोणीहि ई-मेलनें पत्र टाकावें. उलट टपालीं क्रमांक येतो. ते क्रमांक दहा लाखांच्या पुढें गेले आहेत. गाऱ्हाणें, त्यावरील उत्तर, उत्तरावरील प्रत्युत्तर, सर्व काहीं जगास उघडें. आपले दोष झांकून ठेवणार नाहीं असा लेखी करार मंडळानें १९९७ सालींच करून ठेवला आहे. आम्ही कित्येक संस्थांच्या कार्यकारी समितींवर बसलों आहोंत. असा ठराव कोणी मांडिला असता तर त्यास अनुमोदक मिळाला असता किंवा कसें, याची आम्हांस शंका आहे.

गाऱ्हाण्यांच्या सात पायऱ्या आहेत. वरच्या तीन पायऱ्यांवरील गाऱ्हाणें शिल्लक असेल तर त्या गांठोड्यास नव्या आवृत्तींत जागा मिळत नाहीं. आम्ही गेलों त्या आठवड्यांत सर्वांस घाई होती ती यामुळेंच. नवी आवृत्ति १० जूनला निघावयाची होती, आणि २४ मेपासून 'गोठण' लागलें होतें. म्हणजे अत्यंत जरुरीच्या दुरुस्तीवांचून कोठेंहि हात लावावयाचा नाहीं. कार्य उद्यांवर आलें असतां मांडवांत कोणी नवी खोली बांधावयास घेत नाहीं, तसेंच हें.

सकाळीं सर्वजण त्या वरच्या पायऱ्यांचें बघत. दुपारीं कन्या खालच्या पायऱ्यांवरचीं जुनीं गाऱ्हाणीं काढी. हें काम कोणासहि नको असतें. नवीन चूक शोधण्यांत नांव आहे, नवीन कांहीं रचण्यांत कौतुक आहे. पण पांच-पांच, दहा-दहा वर्षें पडून राहिलेलीं गाऱ्हाणीं उघडून, लिहिणारा काय म्हणत होता हें समजून घेणें, तसेंच आपल्या यंत्रावर करून पाहणें, चूक अजून होते किंवा नाहीं तें नोंदणें, तीच चूक दुसऱ्या कोणी कळविली असेल तर दोन्ही एकत्र बांधणें, माहिती अपुरी असेल तर नम्रपणें विचारणें, यांत कीर्ति कसली? कन्या एकेका गाऱ्हाण्यास अर्धा-अर्धा तास देई. आणि शेवटीं त्यास एखादी खूण लावून पुढें जाई: 'अधिक माहिती हवी', 'करून पाहिलें, होत नाहीं', 'मदत पाहिजे', 'दुरुस्ती जोडली आहे'. सायंकाळपर्यंत नऊ झालीं. "एवढींच?" आम्हीं विचारलें. "अप्पा, नऊ म्हणजे चांगला दिवस," ती म्हणाली.

तिनें हेंहि सांगितलें कीं, कित्येक ठिकाणीं या कामासाठीं यंत्र नेमतात. ठराविक दिवस कोणी बोललें नाहीं कीं यंत्र आपोआप लिहितें, 'हें शिळें झालें, मिटवितों.' त्यांतहि तथ्य नाहीं असें नाहीं. पालक एकटा, गाऱ्हाणीं हजार. ढीग नुसता पाहूनच मनुष्य खचून जातो आणि एक दिवस सर्वच सोडून देतो. तरी आम्हांस तें रुचलें नाहीं. फिर्यादी बोलावयाचा थांबला म्हणून फिर्याद खोटी ठरत नाहीं. डेबियनमध्यें असें सरसकट मिटवीत नाहींत, आणि त्याचा दंड म्हणून ढीग वाढतो.

सौभाग्यवतींचें लक्ष मात्र निराळ्याच यादीकडे लागलें होतें. ज्या गांठोड्याचा पालक थकला, कंटाळला किंवा दिसेनासा झाला, त्याला या मंडळांत शब्दशः 'अनाथ' म्हणतात, आणि अनाथांची एक जाहीर यादी असते. कोणी 'मदतनीस पाहिजे' अशी पाटी लावतो. कोणी 'दत्तक घेणारा पाहिजे' अशी. आणि घेणारा आधीं जाहीर लिहितो कीं, 'मी दत्तक घेऊं इच्छितों.' बेपत्ता पालकांस पत्रें पाठवून, आहांत किंवा नाहींत हें विचारणारी एक निराळी तुकडीहि आहे. सौभाग्यवती ती यादी कन्येकडून वाचवून घेत आणि मधूनमधून 'अरेरे' म्हणत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं सर्व मंडळींसाठीं शिरा करून आणला. त्या शिऱ्यानें त्या बरॅकींत जेवढा आवाज झाला तेवढा चार दिवसांत पुन्हां झाला नाहीं.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं कन्येनें एक गाऱ्हाणें उघडलें आणि आम्हांस हांक मारली. "अप्पा, हें मराठी आहे."

गाऱ्हाणें नऊ वर्षांपूर्वींचें. लिहिणारा कोणी मराठी भाषिक असावा. मजकुरांत शब्द शोधून देणाऱ्या एका लहानशा प्रोग्रॅमविषयीं त्याची तक्रार होती: 'दऱ्या' हा शब्द पडद्यावर समोर दिसत असतांहि शोधल्यास कधीं सांपडतो, कधीं सांपडत नाहीं. कारण असें. संगणकाच्या पोटांत अक्षरें आंकड्यांच्या रूपानें असतात, आणि आपला हा कोयत्यासारखा वांकडा र लिहिण्याच्या दोन रीति पडून गेल्या आहेत. एक, नुक्ता दिलेल्या ऱ चा पाय मोडून. दुसरी, साध्या र चा पाय मोडून त्यापुढें डोळ्यांस न दिसणारा एक सांधा बसवून. दिसावयास दोन्ही सारख्या, परंतु पोटांतले आंकडे निराळे. म्हणून यंत्रास ते दोन शब्द वाटतात.

त्याखालीं तीन वर्षांनीं कोण्या दूरच्या देशांतील गृहस्थानें दुरुस्ती लिहून जोडली होती. त्याखालीं पालकाचें एका ओळीचें उत्तर: 'आभारी आहें. मला ही लिपी येत नाहीं, पाहून सांगतों.' त्यावर सहा वर्षें लोटलीं होतीं, आणि पुढें कांहींहि नव्हतें.

कन्येनें ती दुरुस्ती आपल्या यंत्रावर बसविली, 'दऱ्या' शोधला, दोन्ही प्रकारांनीं लिहिलेला सांपडला. "चालतें कीं!" म्हणून ती तसें लिहूं लागली. आम्हीं म्हटलें, थांब. जन्मभर व्याकरण शिकविणाऱ्यास एक खोड लागते. शिष्यानें दिलेल्या उदाहरणावर तो विश्वास ठेवीत नाहीं, आपलें उदाहरण घालून पाहतो. आम्हीं तिला 'आचाऱ्यांना' शोधावयास सांगितलें. यंत्रानें 'आचाऱ्यांना' दाखविलें, आणि त्याचबरोबर 'आचार्यांना'हि दाखविलें. 'दऱ्या'बरोबर 'दर्या'हि आला. त्या परोपकारी गृहस्थानें नुक्ता आणि सांधा दोन्ही पुसून टाकले होते. मग उरला साधा र, आणि त्याचा झाला रफार! सह्याद्रीच्या दऱ्या समुद्रांत बुडाल्या, आणि स्वयंपाकी व गुरु एकाच पाटावर येऊन बसले. सौभाग्यवती म्हणाल्या, "मुंजींत हा घोटाळा झाला तर दक्षिणा कोणाला आणि डाव कोणाच्या हातांत?"

दोष बारीक होता, उपायहि बारीक होता. पुसून टाकण्याऐवजीं, साधा र आणि सांधा जेथें असेल तेथें नुक्त्याचा ऱ करून घ्यावा. नुक्त्यास हात लावूं नये. नेपाळी भाषेसहि हा वांकडा र लागतो, तेव्हां तिचेंहि काम होतें. हिंदींत तो नाहींच, म्हणून तिला उपद्रव नाहीं. कन्येनें हें तेथल्या तेथें करून पाहिलें. आचारी चुलीपाशीं आणि आचार्य व्यासपीठावर परत गेले.

आतां उत्तर लिहावयाचें होतें. कन्या एका वाक्यांत आटोपणार होती: ही दुरुस्ती मराठीस चुकीची आहे, नवी जोडली आहे. आम्हीं तिला तसें करूं दिलें नाहीं. ज्यानें परक्याच्या लिपीसाठीं आपली रात्र खर्च केली आणि सहा वर्षें उत्तराची वाट पाहिली, त्याला पहिलेंच वाक्य 'तुझें चुकलें' असें लिहावयाचें? आधीं आभार, मग उशिराबद्दल क्षमा, मग दोन्ही शब्द अर्थासह, मग कोठें अडलें तें, आणि त्याच्या दुरुस्तीचा किती भाग तसाच ठेवला आहे तें. पाऊण तास लागला. कन्या टंकतां टंकतां हंसून म्हणाली, "अप्पा, वह्या तपासतांना तुम्ही एवढें कधीं लिहीत नव्हतां."

ती सहज बोलली. पण आमच्या जिवास तें झोंबलें, आणि कां झोंबलें तें वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं. इ. स. १९९८ च्या सुमारास आमच्या नववीच्या वर्गांत एक मुलगा होता. छंदःशास्त्राच्या परीक्षेंत त्यानें एका मराठी ओळीचे लघुगुरु पाडले, त्यांत 'तऱ्हा' शब्दांतील त लघु धरला. जोडाक्षरामागील ऱ्हस्व अक्षर गुरु, हा संस्कृताचा नियम आमच्या हाडीं खिळलेला. आम्हीं गुण कापले. दुसऱ्या दिवशीं त्यानें वहीच्या शेवटच्या पानांवर आपली शंका लिहून आणली: 'तऱ्हा', 'कुऱ्हाड', 'दऱ्या' या शब्दांत मागल्या अक्षरावर आघात येत नाहीं, मग तें गुरु कसें? 'दर्या'मधला द आणि 'दऱ्या'मधला द म्हणून पहावे. खालीं पंधरा-वीस उदाहरणें. आम्हीं त्यावर तांबड्या शाईनें लिहिलें, 'पाहून सांगतों.' मनांत राग होता. चौदा वर्षांचें पोर आम्हांस छंद शिकवितें! आम्हीं पाहिलें नाहीं, सांगितलेंहि नाहीं. वही आमच्याकडेच राहिली. मार्चअखेर त्याच्या वडिलांची बदली झाली आणि मुलगा गेला. मुलाचें म्हणणें बरोबर होतें हें आम्हांस पुढें दोन-चार वर्षांतच कळून चुकलें होतें.

त्या पालकाचें 'पाहून सांगतों' वाचून म्हणूनच आम्हांस त्याचा राग येईना.

उत्तरें अशीं आलीं. मूळ गाऱ्हाणें घालणाऱ्या मराठी गृहस्थास पाठविलेलें पत्र परत आलें. तो पत्ता आतां चालूं नव्हता. दुरुस्ती जोडणाऱ्या गृहस्थाचें उत्तर आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशीं आलें. तो दक्षिण अमेरिकेंत राहणारा निघाला. त्यानें लिहिलें कीं, आपण तें विसरून गेलों होतों, तो प्रोग्रॅमहि आतां वापरीत नाहीं. पण आचारी आणि आचार्य यांची गोष्ट घरीं बायकोस वाचून दाखविली. पालकाचेंहि चार ओळींचें पत्र आलें: सहा वर्षांपूर्वीं मुलगी झाली, तेव्हांपासून हात लागला नाहीं, कोणी दत्तक घेईल तर बरें. कन्येकडे आधींच अशीं चार पोरें होतीं. जांवयांनीं भुंवई उंचावली. सौभाग्यवती म्हणाल्या, "चारांत पांचवें जड नसतें." पांचवें घेतलें.

या दत्तकप्रकरणास दुसरी बाजूहि आहे, ती सांगितली पाहिजे. पुढल्याच वर्षीं, २०२४ च्या मार्च महिन्यांत, 'एक्सझेड' नांवाच्या माहिती दाबून लहान करणाऱ्या एका साध्या साहित्यांत चोरदरवाजा सांपडला. त्याचा पालक एकटा आणि थकलेला होता. मदतीस म्हणून आलेल्या एका अनोळखी इसमानें दोन-अडीच वर्षें इमानेंइतबारें काम करून विश्वास मिळविला, किल्ल्या हातीं आल्यावर पुढें विष कालविलें. आंद्रेस फ्रॉइंड नांवाच्या एका अभियंत्यास आपल्या यंत्रांत प्रवेश होण्यास अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें. त्यानें तो धागा धरून सर्व बाहेर काढलें. डेबियनच्या सर्वसामान्य लोकांच्या आवृत्तींत तें पोंचलें नव्हतें, कच्च्या आवृत्त्यांत मात्र शिरलें होतें. कन्येचा त्या रात्रीं फोन आला तेव्हां तिचा आवाज कांपत होता. ती म्हणाली, "अप्पा, अर्ध्या सेकंदाचें गाऱ्हाणें होतें. मी असतें तर 'किरकोळ' अशी खूण लावली असती."

गोठण असल्यामुळें आमचा ऱ त्या जूनच्या आवृत्तींत जाऊं शकला नाहीं, तो थांबला. पुढची आवृत्ति ९ ऑगस्ट २०२५ रोजीं निघाली, तींत तो गेला. कन्येनें गाऱ्हाण्याच्या क्रमांकास 'झालें' म्हणून पत्र टाकलें, आणि त्याची प्रत आम्हांस धाडली. नऊ वर्षांपूर्वींचें आम्ही म्हणालों होतों तें आतां अकरा वर्षांचें झालें होतें.

वांईस परतल्यावर पावसाळा संपतांच आम्ही माळ्यावर चढलों होतों. ती वही एका पत्र्याच्या पेटींत, जुन्या पंचांगांखालीं सांपडली. कसर लागली होती, पण शेवटचीं पानें शाबूत होतीं. मुलाचा ठाव लावण्यास मात्र दोन वर्षें गेलीं. अखेर त्याच्या वर्गांतल्या एकाकडून फोनचा नंबर मिळाला. तो आतां नाशकास असतो, चाळिशी ओलांडली आहे. आम्हीं सर्व हकीकत सांगितली. त्यास वही आठवत नव्हती, परीक्षा आठवत नव्हती, गुण कापलेलेहि आठवत नव्हते. आम्हांस थोडें ओशाळें वाटलें, आणि खरें सांगावयाचें तर थोडें वाईटहि. मग तो म्हणाला, "सर, पण माझें बरोबर होतें ना? मग तसें लिहून पाठवा. माझी मुलगी नववींत आहे, तिला दाखवितों."

त्याच रात्रीं वहींत 'पाहून सांगतों' या ओळीखालीं आम्हीं दीड पान लिहिलें, आणि दुसऱ्या दिवशीं ती वही रजिस्टर टपालानें नाशकास रवाना केली.